रॅलीतलं न्यूरल नेटवर्क आणि रीडमिलरची युक्ती

फेब्रुवारी २०२२मध्ये ‘नेचर’मध्ये सोनीच्या ‘ग्रॅन टुरिस्मो सोफी’वरचा शोधनिबंध आला आणि संगणकानं रेसिंग गेममधल्या अव्वल खेळाडूंना हरवल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. कामगिरी मोठीच होती. पण न्यूरल नेटवर्क शर्यतीच्या खेळात पहिल्यांदाच उतरलं, असा अनेकांचा समज झाला. तो मात्र चुकीचा आहे. सुमारे दोन दशकं आधी, अवघ्या दोन मेगाबाइट मुख्य मेमरीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर, असं नेटवर्क गाड्या पळवत होतं.

तो गेम होता कोडमास्टर्सचा ‘कॉलिन मॅक्रे रॅली २.०’, साल २०००. प्रतिस्पर्धी गाड्यांची जबाबदारी जेफ हॅनन या प्रोग्रॅमरकडे होती. वळणाच्या किती आधी ब्रेक मारायचा, स्टिअरिंग किती फिरवायचं, याचे नियम लिहून काढायचे, ही तेव्हाची रुळलेली पद्धत. डांबरी ट्रॅकवर तिनं भागतं. रॅलीत मात्र खडी, चिखल आणि बर्फ असतो, आणि चांगला चालक गाडी आडवी घसरवतच वळण काढतो. मागची चाकं बाहेर फेकली गेली की स्टिअरिंग उलट्या दिशेला धरावं लागतं. ते किती आणि किती वेळ, हे दर सेकंदाला बदलतं. नियम लिहिणारा इथं हात टेकतो. हॅननने एक छोटं, साधं नेटवर्क घेतलं आणि त्याला एकच काम शिकवलं: आखून दिलेली रेसिंग लाइन न सोडता गाडी हाकायची. ओव्हरटेक करणं, दुसऱ्या गाडीला चुकवणं, आपटल्यावर पुन्हा रस्त्यावर येणं, हे सारं त्यानं जुन्या पद्धतीच्या नियमांवरच सोपवलं.

शिकवण्यासाठी त्यानं वापरलेली पद्धत होती ‘आरप्रॉप’. जर्मनीत कार्ल्सरूहे इथं मार्टिन रीडमिलर आणि हाइन्रिश ब्राउन यांनी ती १९९३मध्ये मांडली. नेटवर्क शिकतं म्हणजे आपल्या चुकांच्या डोंगरावरून खाली उतरतं. आषाढातल्या दाट धुक्यात घाट पायी उतरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. दरी दिसत नाही. पायाला फक्त उतार कळतो. त्या काळच्या प्रचलित पद्धतीत उतार जितका तीव्र तितकं मोठं पाऊल पडायचं, त्यामुळे सपाटीवर चाल रखडायची आणि कड्यावर तोल जायचा. रीडमिलर आणि ब्राउन यांनी उताराची तीव्रता विचारात घेणंच सोडून दिलं. फक्त दिशा पाहायची. मागच्या वेळी होती तीच दिशा असेल, तर पाऊल १.२ पट करायचं. दिशा उलटली, म्हणजे तळ ओलांडून पलीकडच्या चढाला लागलो, तर पाऊल निम्मं करायचं. शिवाय नेटवर्कमधल्या प्रत्येक जोडणीचं पाऊल वेगळं. इतकी सोपी आणि इतकी देखणी कल्पना क्वचितच सापडते!

रीडमिलर यांचं नाव सोफीच्या बातम्यांमध्ये सहसा आलं नाही, याची खंत वाटते. संगणकानं स्वतःच्या अनुभवातून, बक्षीस आणि दंड यांच्या आधारे शिकावं, या ध्यासापायी त्यांनी पुढची अनेक वर्षं काम केलं. अटारीचे जुने गेम खेळायला शिकलेल्या डीपमाइंडच्या प्रोग्रॅमवरचा २०१५चा ‘नेचर’मधला प्रसिद्ध निबंध आहे, त्याच्या लेखकांमध्येही ते आहेत. सोफी शिकली ती याच वाटेनं.

ही वाट का धरावी लागली, हे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डीन पॉमर्लो यांच्या प्रयोगातून नीट कळतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘अल्विन’ नावाचं नेटवर्क खऱ्या व्हॅनमध्ये बसवलं. कॅमेऱ्याचं चित्र अवघं ३० बाय ३२ ठिपक्यांचं. नेटवर्क माणसाचं चालवणं पाहून शिकायचं, पण चांगला चालक गाडी रस्त्याच्या मधोमध ठेवतो. त्यामुळे गाडी कडेला सरकली तर काय करायचं, हे नेटवर्कनं कधी पाहिलेलंच नसे. पॉमर्लो यांनी चित्रंच संगणकावर डावी-उजवीकडे सरकवली आणि त्या प्रत्येक चित्रासाठी गाडी सावरणारं स्टिअरिंग काढून शिकवलं. स्वतः चुकत शिकणाऱ्याला ही तजवीज लागत नाही.

सोफी तशी चुकत चुकतच शिकली. एकटीनं वेगात फेरी मारणं तिला लवकर जमलं. अडलं ते चारचौघांत वागणं. २ जुलै २०२१ला चार सोफी विरुद्ध चार जपानी खेळाडू अशी सांघिक शर्यत झाली, आणि माणसं ८६-७० अशी जिंकली. धडकेला दंड किती लावायचा, हा पेच होता. दंड कडक केला तर सोफी बिचकून वाट सोडते, सैल ठेवला तर दुसऱ्याला ढकलून पुढे जाते. आणि चूक कोणाची, हे ठरवताना खऱ्या शर्यतींच्या पंचांमध्येही वाद होतात. हॅननने जे नियमांवर सोडलं होतं, नेमकं तेच इथं शिकवायचं होतं. २१ ऑक्टोबरच्या परतीच्या सामन्यात सोफीनं १०४-५२ असा विजय मिळवला.

या विजयाचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. सोफी पडद्यावरचं चित्र पाहत नाही. गाडीची नेमकी जागा, वेग आणि पुढच्या रस्त्याची आखणी तिला थेट आकड्यांत मिळते. त्यामुळे ‘आता खऱ्या रस्त्यावरच्या गाड्याही अशाच धावतील’ ही उडी फार लांबची आहे.

घरी खेळणाऱ्याला तर अजिंक्य प्रतिस्पर्धी नकोच असतो. शेवटच्या वळणापर्यंत चुरस देणारा हवा असतो. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये सोफी आधी फेब्रुवारी २०२३मध्ये मर्यादित काळासाठी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५वर रुजू झाली, तीही निवडक ट्रॅकपुरती. बाकीच्या ट्रॅकवर नियमांनी चालणारे जुनेच प्रतिस्पर्धी राहिले.