उष्णतेची वाट

पिंपरी-चिंचवड ही कारखान्यांची नगरी होय. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे आकुर्डी, भोसरी आणि थेट चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले. येथील कित्येक घरांतून कोणी ना कोणी रात्रपाळीस जातो आणि दिवसा निजतो. अशा घरी शांततेचे मोल फार मोठे असते.

अशाच एका घराची कल्पना करा. बैठकीच्या खोलीत मोठा पडदा आहे व त्यावर चित्रपट दाखविणारा एक लहानसा संगणक आहे. वैशाखातील दुपार आहे. शेजारच्या खोलीत वडील निजले आहेत, म्हणून मुलांनी चित्रपटाचा आवाज अगदी लहान ठेवला आहे. पण संगणकातील पंख्याची घरघर काही लहान होत नाही. मुलांना एक युक्ती सुचते. ती संगणक लाकडी कपाटात ठेवतात आणि काचेची दारे लावून घेतात. घटकाभर शांतता होते. मग मात्र पंखा पूर्वीपेक्षाही मोठ्याने घोंगावू लागतो आणि पडद्यावरील चित्र अडखळू लागते. आवाज कोंडावयास गेले आणि तो उलट वाढला! असे का बरे व्हावे?

संगणक जितकी वीज घेतो, ती जवळजवळ सारी अखेरीस उष्णतेत रूपांतर पावते. संगणक ६० वॅट वीज घेत असेल, तर तारेचा ६० वॅटचा जुना दिवा बंद कपाटात पेटवून ठेवावा, तसाच हा प्रकार झाला. कपाटातील हवा तापते आणि पंखा तीच तापलेली हवा पुनःपुन्हा आत ओढतो. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यातच तापमान मोजण्याची सोय असते. तापमान चढू लागले, की पंख्याचा वेग आपोआप वाढतो. तेवढ्यानेही भागले नाही आणि तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले, तर प्रोसेसर स्वतःचे काम मंदावतो. प्रसंगी संगणक बंदही पडतो. उष्णता कोंडून नाहीशी होत नाही. तिला बाहेर जाण्यास वाट द्यावी लागते.

ही वाट कशी द्यावी, याचा धडा याच परिसरातील कारखान्यांत मिळतो. चाकण येथे तयार होणारी ‘पल्सर’ मोटारसायकल २००१ साली रस्त्यावर आली. तिच्या इंजिनाभोवती धातूच्या पातळ कडांची रांग दिसे. या कडांमुळे इंजिनाचा पृष्ठभाग पुष्कळ वाढतो व धावताना लागणारा वारा त्यावरील उष्णता हरण करतो. आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ पासून तयार होणाऱ्या ‘चेतक’ स्कूटरची गोष्ट निराळी होती. तिचे इंजिन आच्छादनाआड असल्याने त्यास वारा सरळ लागत नसे. म्हणून इंजिनाबरोबर फिरणारा एक पंखा त्यावर हवा सोडीत असे. संगणक तर घरात एका जागी बसलेला. त्यास वारा कोठून मिळणार? तेव्हा त्याची रचना स्कूटरसारखीच असते. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा बसवितात आणि त्यावर पंखा वारा घालतो. दोन्हींच्या मधल्या बारीक फटींत हवा राहू नये, म्हणून तेथे विशिष्ट लेप लावतात. कारण हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे.

आता राहिला आवाज. लहान पंख्यास पुरेसा वारा देण्यासाठी भराभर फिरावे लागते, आणि वेगाबरोबर आवाज झपाट्याने वाढतो. त्याच पंख्याचा वेग निम्मा केला, तर त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. ८ सेंटिमीटर व्यासाच्या पंख्यापेक्षा १२ सेंटिमीटर व्यासाच्या पंख्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असते. त्यामुळे तो सावकाश फिरूनही तितकाच वारा देतो. शांत संगणकात मोठे व संथ पंखे असतात, ते याच कारणाने.

आवाजाचे दुसरे कारण कंपन हे होय. शाळेतील नादकाटा हातात धरून वाजविला, तर त्याचा नाद क्षीण येतो. परंतु त्याची दांडी मेजावर टेकविताच सारे मेज निनादू लागते. पंख्याचे कंपनही तसेच फळीस पोचते. संगणकाखाली रबराच्या जाड चकत्या ठेवल्या, की ही वाट बंद होते.

तिसरा शत्रू म्हणजे धूळ. पट्ट्यांवर साचलेली धूळ घोंगडीप्रमाणे उष्णता अडवून धरते. अधूनमधून संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, मोठ्या माणसांच्या देखत मऊ कुंचल्याने ती झाडावी. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

एवढे करूनही पंख्याला एक मर्यादा आहे. खोलीतील हवेपेक्षा अधिक थंडावा तो यंत्रास देऊ शकत नाही. शिवाय जेथे हजारो पटींनी मोठी गणिते चालतात, तेथे हवा अपुरी पडते. पुण्यातील पाषाण येथील ‘आयसर’ या संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसविण्यात आला. तेथे उष्णता वाहून नेण्याचे काम पाण्याकडे सोपविले आहे. तेवढेच तापमान वाढताना पाणी हे तितक्याच घनफळाच्या हवेपेक्षा तीन हजारांहून अधिक पट उष्णता सामावून घेते.

आपल्या घरातील मुलांना मात्र पाण्याची गरज नव्हती. त्यांनी कपाटाची दारे उघडली, संगणक बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवला, त्याखाली रबराच्या चकत्या सारल्या आणि आईकडून त्यातील धूळ झाडून घेतली. थोड्याच वेळात पंख्याचा वेग उतरला आणि घरघर मंद होत होत जवळजवळ ऐकू येईनाशी झाली. गाण्यातील हळुवार तान आता स्पष्ट ऐकू येऊ लागली आणि आतल्या खोलीत वडिलांना गाढ झोप लागली.