मृत्तिकालेप : गुण आणि मर्यादा

नंदुरबार जिल्ह्यात शहादे-प्रकाशे परिसरातील तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगून पायाला चिकटताना आणि वैशाखात भेगाळताना ज्याने पाहिली आहे, त्याला मृत्तिकालेपाचे मर्म निराळे सांगावे लागत नाही. कारण पाणी शोषून ते दीर्घकाळ धरून ठेवण्याचा चिकणमातीचा जो स्वभाव, तोच या उपचाराचा पाया होय. ओल्या लेपातील पाण्याचे सावकाश बाष्पीभवन होते, त्वचेची उष्णता ओढली जाते आणि रुग्णास स्वस्थता लाभते.

महात्मा गांधींनी आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाच्या ग्रंथावरून ही पद्धत स्वीकारली, १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालातील बंदिवासात आरोग्यविषयक लेखन करताना तिचे विवेचन केले, आणि १९४६ च्या मार्चमध्ये उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य आरंभिले; तेथील आश्रम आजही चालू आहे. माती चाळलेली व खताच्या संसर्गापासून मुक्त असावी, शंका आल्यास तापवून घ्यावी, ही त्यांची ताकीद मला फार मोलाची वाटते. मात्र कीटकनाशके तापवून जातीलच असे नाही. म्हणून फवारणीच्या कापूसरानातील माती घेऊच नये.

गुडघ्याच्या संधिवातात उष्ण लेपाने वेदना काहीशी शमते, असे काही वैद्यकीय चाचण्यांत आढळले आहे. पण झिजलेला सांधा त्याने पूर्ववत होत नाही. उघड्या जखमेवर, भाजल्यावर किंवा नवजात अर्भकाच्या नाळेवर माती लावणे म्हणजे धनुर्वातास आमंत्रण. आणि सातपुड्याच्या पाड्यांवर सर्पदंश झाला, तर लेपात क्षणही न दवडता रुग्णास सरकारी दवाखान्यात न्यावे.