सहभागात्म मांडणशिल्प
प्रेक्षकाच्या प्रत्यक्ष कृतीने, आणि पुष्कळदा प्रेक्षकांच्या परस्परसंबंधांतून, पूर्णत्वास जाणारा मांडणशिल्पाचा प्रकार. ब्राझीलची शिल्पकर्ती लिजिया क्लार्क (१९२०–८८) हिने १९६० च्या सुमारास बिजागऱ्यांनी जोडलेल्या धातूच्या पत्र्यांची शिल्पे घडविली. ती हाताळून प्रेक्षकाने त्यांना निरनिराळे आकार द्यावेत, अशी योजना होती. तिच्या *हातांचा संवाद* (१९६६) या कृतीत दोन व्यक्तींची मनगटे पीळ दिलेल्या लवचिक पट्टीत गुंतविली जात. येथे वस्तू गौण ठरून त्या दोघांतील हालचाल हीच कलाकृती होते. थाई कलावंत रिरक्रित तिरावनिजा (१९६१– ) याने १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथील एका कलावीथीत रस्सा व भात शिजवून येणाऱ्यांस विनामूल्य वाढला. अनोळखी माणसांचे ते सहभोजन हाच त्या मांडणशिल्पाचा आशय होय. फ्रेंच समीक्षक नीकॉला बूरियो याने १९९८ मध्ये अशा कलेची उपपत्ती ग्रंथरूपाने मांडली. तथापि कलावीथीत जमणारे लोक बहुधा एकाच वर्तुळातील असल्याने त्यांच्यातील सलोखा आयताच असतो, अशा आशयाचा आक्षेप क्लेअर बिशप हिने २००४ मध्ये घेतला. तो सहज डावलण्याजोगा नाही. संग्रहालयांत तर वेगळीच विसंगती आढळते : क्लार्कची मूळ शिल्पे बहुधा स्पर्शापासून जपली जातात आणि हाताळण्यासाठी प्रतिकृती ठेवल्या जातात.