‘क्वीन’ची काळी-पांढरी तबकडी

‘हार्ड रॉक’ ह्या नावाने ओळखले जाणारे पाश्चात्त्य संगीत आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या कानांवर बहुधा शेजारच्या खोलीतून, अर्धवट आणि नको त्या वेळी पडते. साहजिकच त्याविषयीचे त्यांचे मत एका शब्दात आटोपते : गोंगाट. तरुणांना त्यात काहीतरी मोलाचे सापडलेले असते. पण ते नेमके काय, हे त्यांनाही धड सांगता येत नाही. चिंताकीसारख्या सीमेवरच्या गावात मराठी, कन्नड आणि दखनी ह्या तीन भाषा एकाच बाजारात सुखाने नांदतात. हा तंटा मात्र दुभाष्यावाचून पडून राहतो. आज तेवढे दुभाष्याचे काम एका तबकडीपुरते करावे, असा विचार आहे. ‘क्वीन’ ह्या इंग्रज वाद्यवृंदाची ‘क्वीन टू’ ही ती तबकडी, ८ मार्च १९७४ रोजी प्रसिद्ध झालेली. ह्या वृंदाची पुढल्या काळातील सोपी, टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणण्याजोगी गाणी जगाला पाठ आहेत. तरीही त्याच्या जुन्या चाहत्यांपैकी पुष्कळजण आवडती तबकडी म्हणून ह्या आडवाटेच्या, जड आणि गुंतागुंतीच्या कृतीवरच बोट ठेवतात.

हीच तबकडी निवडण्यास एक घरगुती कारणही आहे. ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फरोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात तो जन्मला आणि लहान वयातच आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. तेथे तो पियानो शिकला, शाळेच्या गानवृंदात गायला आणि चार सोबत्यांना घेऊन त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा एक वाद्यवृंदही काढला. १९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढल्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि सारे कुटुंब इंग्लंडला गेले. पाचगणीने त्याला घडविले असे छातीठोकपणे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. पण तो आवरावा हे बरे, कारण त्या दिवसांविषयी तो स्वतः फारच थोडे बोलला. एवढे मात्र शिक्षकाच्या नात्याने सांगता येईल, की गानवृंदात उभे राहिलेले मूल शेजाऱ्याचा स्वर ऐकत ऐकत आपला वेगळा स्वर धरून ठेवण्यास शिकते, आणि ही सवय जन्मभर सुटत नाही.

आता ‘जड’ म्हणजे काय? विद्युत् गिटारीच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असून त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची तार थरथरली की वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उमटतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. ध्वनिवर्धकावर त्याच्या ताकदीबाहेरचा भार टाकला, तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. माथे छाटलेल्या लहरीत मूळ स्वराखेरीज कितीतरी नवे उपस्वर शिरतात आणि आवाज भरड, दाट आणि दाणेदार होतो. अशा आवाजात षड्जाबरोबर गंधार छेडला तर दोघांच्या उपस्वरांची धुमश्चक्री होऊन चिखल माजतो. षड्ज आणि पंचम एकत्र छेडले तर मात्र दोघे मिळून एकच अजस्र स्वर उभा राहतो. हार्ड रॉकचा सारा डोलारा ह्या षड्ज-पंचमाच्या जोडीवर उभारलेला आहे. आपला तंबोराही त्याच जोडीवर जुळवितात, हे ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावतील. पण नाद एकच आहे, त्याचे शास्त्रही एकच.

‘क्वीन’चा गिटारवादक ब्रायन मे ह्याची गिटार हा एक स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. १९६३ साली, शाळकरी वयात, त्याने आपल्या वडिलांच्या मदतीने ती घरीच बांधावयास घेतली. तिच्या मानेचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, आतील स्प्रिंगा मोटारसायकलच्या, ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्यांचे. नखीऐवजी तो सहा पेन्सचे नाणे वापरतो. (ह्याच गृहस्थाने पुढे, २००७ साली, आकाशातील धूलिकणांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. अभ्यास आणि गिटार ह्यांचे हाडवैर असल्याचे मानणाऱ्या पालकांनी हे टिपून ठेवावे.) असल्या गिटारीचा एकेक स्वर ध्वनिफितीवर एकावर एक चढवीत जायचे, ही त्याची युक्ती. ‘क्वीन टू’ची सुरुवातच अशा थर दिलेल्या गिटारींच्या एका संथ मिरवणुकीने होते.

हीच युक्ती कंठालाही लावलेली आहे. १९७३ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा हाताशी सोळा स्वतंत्र वाटांची फीत होती. मर्क्युरी, मे आणि तबलजीच्या जागी बसणारा रॉजर टेलर हे तिघे एकेक ओळ एकत्र गात, तीच पुन्हा गात, मग वरच्या स्वरात, मग खालच्या. आणि हे सारे थर एकत्र केले की तिघांचा शंभरांचा गानवृंद होई. ह्या तबकडीचा जडपणा खरा येथे आहे. तो आवाजाच्या मोठेपणात नाही. ध्वनी अगदी बारीक करून ऐकले तरी तो जसाच्या तसा राहतो. ज्या संगीताचा जडपणा आवाज कमी करताच नाहीसा होतो, त्याला खुशाल गोंगाट म्हणावे.

तबकडीच्या दोन बाजूंना ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी नावे आहेत. पांढरी बाजू जवळजवळ सगळी मेची. तीत ‘व्हाइट क्वीन’ नावाच्या गाण्यात एके ठिकाणी सतारीसारखा झणत्कार ऐकू येतो, तो सतारीचा नव्हे. मेने एका स्वस्तातल्या साध्या गिटारीच्या घोडीत असा फेरफार केला होता, की तारा घोडीला किंचित चाटून वाजाव्यात. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात त्याचेच हे चुलत भावंड. ह्या बाजूचे शेवटचे गाणे टेलरचे आहे. ते बाकीच्यांच्या पंगतीला शोभत नाही, असे माझे मत. पण टेलरचे कैवारी कमी नाहीत.

काळी बाजू संपूर्ण मर्क्युरीची, आणि चाहत्यांचा जीव अडकला आहे तो हिच्यात. बिदरच्या कारागिराने जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवावी, मग किल्ल्यातील माती लावून पृष्ठभाग काळाकुळकुळीत करावा आणि त्या काळ्यातून नक्षी झळकावी, तसा हा प्रकार आहे. पहिले गाणे ‘ओगर बॅटल’, म्हणजे राक्षसांचे युद्ध. ह्याचा आरंभ म्हणजे त्याच गाण्याचा शेवट फीत उलटी फिरवून लावलेला. गिटारीचे घाव येथे सर्वांत जबर. त्याला लागूनच, श्वास घेण्यास उसंत न देता, दुसरे गाणे सुरू होते ते रिचर्ड डॅड ह्या एकोणिसाव्या शतकातील चित्रकाराच्या एका चित्रावरचे. डॅडने वेडाच्या भरात स्वतःच्या पित्याचा वध केला होता. इस्पितळाच्या बंदिवासात राहून वर्षानुवर्षे तो हे एकच परीकथेचे चित्र रंगवीत बसला. लंडनच्या टेट संग्रहालयात मर्क्युरी सोबत्यांना ते दाखवावयास घेऊन जाई. चित्रात गवताच्या पात्यांआडून जशी असंख्य चिमुकली माणसे डोकावतात, तसे गाण्यात हार्पसिकॉर्ड आणि कंठस्वर कोपऱ्याकोपऱ्यांतून डोकावतात. त्यानंतर एक लहानसे विरहगीत, आणि मग सहा मिनिटांहून मोठे ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’. त्यात एके ठिकाणी दोन वेगळ्या लयी एकाच वेळी चालतात. चौपटीवर तिपटीची लयकारी ऐकलेल्या आपल्या रसिकाला ती जागा चटकन सापडेल. पुढल्याच वर्षी, १९७५ साली, जगभर गाजलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे बीज ह्या गाण्यात आहे. मिक रॉक ह्याने काढलेले वेष्टनावरील चित्र, काळोखातून वर आलेले चार चेहरे, तेही त्या गाण्याच्या चित्रफितीत पुन्हा अवतरले.

हे सगळे त्या वेळी सर्वांना रुचले असे मुळीच नाही. अनेक इंग्रज समीक्षकांनी तबकडीला भपका आणि अतिरेक ठरवून निकालात काढले. त्यातच इंधनटंचाईमुळे ब्रिटनमधील कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते, त्यामुळे प्रकाशनही लांबले होते. परंतु विकत घेणाऱ्यांनी समीक्षकांना विचारले नाही. तबकडी ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली आणि तिच्यातील शेवटचे गाणे, ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’, दहाव्या. त्या वसंतातील दौऱ्यात मंडळी रंगमंचावर येण्यापूर्वी श्रोते आपण होऊन इंग्लंडचे राष्ट्रगीत गाऊ लागले. नाव ‘क्वीन’ असल्याने राणीचे गीत ह्या वृंदाला फुकटच लाभले होते. पुढल्या पिढीत ‘गन्स अँड रोझेस’चा गायक ॲक्सल रोझ ह्यानेही ह्या तबकडीची मनापासून वाखाणणी केली. मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी वारला आणि २०१८ साली त्याच्यावरचा चित्रपट आला, तेव्हा नव्या श्रोत्यांची मोठी लाट उसळली. त्यांतील बहुतेक ओळखीच्या गाण्यांपाशीच थबकले. जे पुढे खणत गेले, ते येथे पोहोचले. पहिल्या ऐकण्यात ही तबकडी काहीच देत नाही, आणि मला वाटते, चाहत्यांच्या अभिमानाचे मूळ तेच असावे. आयते मिळालेल्यापेक्षा शोधून काढलेल्यावर माणसाचा जीव अधिक असतो.

ज्यांना ऐकून पाहावेसे वाटेल त्यांनी काळ्या बाजूने सुरुवात करावी. मोबाइलवर ऐकणार असाल, तर गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय आधी बंद करा, कारण पहिली तीन गाणी एकमेकांत ओवलेली आहेत. ती तुटली तर मजा गेली. अखेरपर्यंत पोहोचलात तर एक गंमत आहे. इतका रणगोंधळ आटोपल्यावर शेवटी ऐकू येते ते समुद्रकिनाऱ्यावर सहलीला गेलेल्या इंग्रजांचे एक जुने जत्रेतले गाणे, सर्वांनी मिळून बेसूरसे म्हटलेले. ते हळूहळू विरत जाते. त्याच वर्षी निघालेली ‘क्वीन’ची पुढची तबकडी लावलीत, तर जत्रेच्या गजबजाटात कोणीतरी तीच चाल शिटीवर वाजवीत असलेला ऐकू येईल.