यीस्टचा सातबारा



जायकवाडीचे पाणी उसाला, उसाची साखर पोत्यात आणि उरलेली मळी आसवनीत, हा हिशेब आपल्याला पाठ आहे. पण मळीचा मद्यार्क करतो कोण? यीस्ट नावाचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव. पाव फुगवतो तोही हाच.

१९९६ साली सहाशेहून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून यीस्टची संपूर्ण जनुकीय लिपी वाचली. १६ गुणसूत्रे आणि सुमारे ६,००० जनुके निघाली. म्हणजे मोजणी झाली, खुणा लागल्या. पण कोणत्या गटात काय पिकतं, हे त्यावरून थोडंच कळतं? त्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एक दप्तर उभे राहिले. तिथले जाणकार छापून आलेले शोधनिबंध वाचतात आणि एकेका जनुकापुढे त्याचे काम नोंदवतात.

‘एस-यू-सी-२’ हे जनुक घ्या. त्याचा गट नंबर वाय-आय-एल-१६२-डब्ल्यू. वाय म्हणजे यीस्ट, आय म्हणजे नववे गुणसूत्र, एल म्हणजे डावी बाजू. कामाच्या रकान्यात नोंद अशी, की हे जनुक साखर फोडून ग्लुकोज व फ्रुक्टोज करणारे इन्व्हर्टेज तयार करते. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की साखर अशीच फुटते. तिथे आपला तोटा. टाकीत मात्र तेच हवे असते.

नोंदीसोबत पुरावाही लिहावा लागतो. जनुक काढून टाकून कोणते काम बंद पडले हे पाहिले, तर ती बांधावर जाऊन केलेली पीकपाहणी. दुसऱ्या जीवातील जनुकाशी साम्य पाहून केलेली नोंद म्हणजे घरबसल्या केलेला अंदाज. दोन्ही चालतात, पण फरक नमूद करावाच लागतो.

यात आपला काय संबंध, असे कुणी विचारील. १०० किलो ग्लुकोजपासून फार तर ५१ किलो मद्यार्क मिळतो. मळीतले क्षार आणि दाट साखर सोसण्यासाठी यीस्ट ‘जी-पी-डी-१’ या जनुकाच्या जोरावर ग्लिसरीन बनवते. तेवढी साखर वाया जाते, उतारा घटतो. यीस्टचे चांगले वाण करायचे तर हात कुठे घालायचा, हे नोंदच सांगते. नोंद चुकली की वर्षांची मेहनत पाण्यात.

आजही शेकडो जनुकांपुढे ‘काम माहीत नाही’ असेच लिहिलेले आहे. खोटी नोंद करण्यापेक्षा रकाना कोरा ठेवलेला बरा, हे सातबाऱ्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या सभासदांना वेगळे सांगायला नको.