नेत्रश्लेष्मशोथ, वासंतिक
नेत्रश्लेष्मशोथ, वासंतिक : पापण्यांची आतील बाजू व नेत्रगोलाचा पांढरा भाग आच्छादणाऱ्या पातळ आवरणाचा अधिहर्षताजन्य (ॲलर्जीमुळे होणारा) दीर्घकालिक विकार. तो बहुधा पाच ते वीस वर्षे वयात व विशेषतः मुलग्यांत आढळतो. तीव्र खाज, प्रकाश असह्य होणे आणि दोरीसारखा चिकट स्राव ही त्याची लक्षणे होत. ‘डोळे येणे’ याप्रमाणे हा विकार सांसर्गिक नाही. नावात वसंत असला, तरी उष्ण व कोरड्या प्रदेशांत तो वर्षभर रेंगाळू शकतो.

चंद्रपूर व त्यातून १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोली हे पानझडी अरण्यांचे जिल्हे असून चंद्रपुरात उन्हाळी तापमान ४५° से. च्या वर जाते. फाल्गुनात डोळे चुरचुरू लागले की दोष फुललेल्या पळसावर जातो. परंतु पळस व सावर यांचे परागण मुख्यत्वे पक्ष्यांकरवी होते. वाऱ्यावर दूर पसरतात ते वावळ व गवते यांचे पराग. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालील पाचोळा जाळतात; त्याचा धूर अधिहर्षता निर्माण करीत नसला, तरी आधीच शोथ झालेल्या डोळ्यास अधिक क्षुब्ध करतो.

परागातील प्रथिनांविरुद्ध तयार झालेली आयजीई ही प्रतिपिंडे मास्ट कोशिकांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. (या कोशिकांचे वर्णन पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये केले.) तोच पराग पुन्हा आला की काही मिनिटांत हिस्टामीन बाहेर पडून खाज व लाली उद्‌भवते. साध्या ऋतुमानी अधिहर्षतेत प्रकरण बहुधा येथेच आवरते. वासंतिक प्रकारात मात्र टी-साहाय्यक-२ या लसीका कोशिका पुढाकार घेतात. त्यांनी स्रवलेल्या इंटरल्यूकीन-५ मुळे इओसीनरागी कोशिका जमतात व त्यांच्यातील विषारी प्रथिने स्वच्छमंडलाचा पृष्ठस्तर नष्ट करून व्रण पाडतात. वरच्या पापणीच्या आत फरसबंदीसारखे उंचवटे दिसतात. अनेक रुग्णांत विशिष्ट आयजीई आढळतच नाही. म्हणून केवळ हिस्टामीनरोधक औषध अपुरे पडते.

थंड पाण्याच्या घड्या, ओलोपॅटाडीन वा क्रोमोग्लायकेटाचे थेंब आणि तीव्र विकारात सायक्लोस्पोरीन उपयुक्त ठरतात. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी आराम तत्काळ पडतो व खरा धोका तेथेच आहे. जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली महिनोन्‌महिने वापरल्यास नेत्रदाब वाढून काचबिंदू होतो आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. मूळ विकार मात्र यौवनानंतर बहुधा आपोआप शमतो. डोळे सतत चोळल्याने स्वच्छमंडल शंकूसारखे पुढे येण्याचाही संभव असतो.