पाणबुडी खोलीवर कशी ठरते

भंडाऱ्याच्या पितळी गुंडाची ओळख या सभेत कोणाला करून द्यावयास नको. रिकामा गुंड वैनगंगेत सोडला तर तरंगतो. पाणी घेऊ लागला की बुडतो. आत हवा होती तेथे पाणी आले, एवढाच फरक. पाणबुडीचेही तसेच. माणसे राहतात त्या पोलादी कवचाला लागून मोठ्या टाक्या असतात. तळाशी भोके, माथ्यावर झडपा. झडपा उघडल्या की हवा वरून निघून जाते आणि खालून समुद्र आत शिरतो. वर येताना झडपा मिटून दाबलेली हवा टाक्यांत सोडतात. ती पाण्याला खालच्या वाटेने हुसकून लावते.

परंतु बुडालेला गुंड तळ गाठतो. पाणबुडीला मध्येच थांबावयाचे असते, आणि खरे कसब तेथेच आहे. तिचे वजन आणि तिने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन जुळावे लागते, व ते जुळलेले राहत नाही. अन्न संपते. नदीच्या मुखाशी पाणी गोडे, म्हणून हलके. शिवाय खोल जावे तसा पाण्याचा दाब कवच किंचित आवळतो. आकार घटला की पाणी कमी सारले जाते. म्हणजे थोडी खाली गेलेली पाणबुडी आपण होऊन आणखी खाली जाऊ पाहते! म्हणून लहान टाक्यांत पाणी मोजून घेणे, सोडणे, पुढून मागे नेणे सतत चालते. चालत्या पाणबुडीला माशाच्या परांसारखी आडवी सुकाणू खोली धरून ठेवतात. वेग गेला की त्यांचा जोर गेला.

आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली शाल्की 1992 साली नौदलात आली, नवी कलवरी 2017 साली. 300 मीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 30 किलो भार पडतो. तो कवचावर पडतो तसा वेल्डरने जोडलेल्या प्रत्येक सांध्यावरही पडतो.

10 एप्रिल 1963 रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ चाचणीच्या वेळी बुडाली. चौकशीतून निघाले ते असे : खाऱ्या पाण्याच्या नळाचा सांधा बहुधा फुटला, यंत्र बंद पडले, वेग गेला. टाक्यांत हवा सोडली, तर तिच्यातील ओलाव्याचे बर्फ होऊन वाट तुंबली असावी. 129 माणसे गेली. त्यांतली 17 गणवेश नसलेली, गोदी-कारखान्यांकडची. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने नियम केला की, समुद्राचा दाब सोसणाऱ्या प्रत्येक भागाची लेखी नोंद हवी : माल कोणता, काम कसे झाले, तपासले कोणी. असाच कागद आम्ही युनियनवाले बॉयलरसाठी मागतो, तेव्हा कटकटे ठरतो.